गावातला लष्करी तळ हलणार असेल तर: गोव्यातल्या नव्या पंचांसाठी आणि ग्रामस्थांसाठी

‘मिलिटरी वता म्हण आयकलां, खरें?’ (मिलिटरी जाते असे ऐकले, खरे का?) असे तिंट्यावर कोणीतरी विचारतो आणि आठ दिवसांत त्या जमिनीवर मैदान, कॉलेज, इस्पितळ आणि कोणाच्या तरी जावयाचा मेगा प्रोजेक्ट असे सगळे बोलण्यातच उभे राहते. मी एक टर्म पंच होतो. आमच्या वाड्याला लागून संरक्षण खात्याची जमीन आहे, त्यामुळे या चर्चेतून आणि तिच्यामागच्या कागदपत्रांतून गेलो आहे. तुमच्या गावावर ती वेळ आली तर निदान कुठल्या खिडकीवर उभे राहायचे ते कळावे, म्हणून हे लिहितो.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. लष्करी तळ बंद झाला की त्याच्या जमिनीचे नियोजन पंचायतीला विचारूनच करावे, असे सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत आहे. तिथे १९८८ ते २००५ दरम्यान तळ बंद करण्याच्या पाच फेऱ्या झाल्या. तळाभोवतीच्या स्थानिक संस्था मिळून एक पुनर्विकास प्राधिकरण बनवतात, संरक्षण खाते त्याला मान्यता देते आणि फेरवापराचा आराखडा ते प्राधिकरण करते. आपल्याकडे पंचायतीसाठी अशी खुर्ची कोणी मांडून ठेवलेली नाही. ती आपणच न्यायची, आणि तीही कागद तयार ठेवून.

१. आधी बघा, तळ खरेच बंद होतोय का?

निम्म्या वेळा उत्तर ‘नाही’ असते. एक तुकडी जाते, दुसरी येते. वेरेच्या आयएनएस मांडवी या नौदलाच्या तळाचे बघा. भारतीय नौदल अकादमी १९८६ मध्ये कोचीहून तिथे आली आणि २००९ मध्ये केरळमधल्या एळिमला इथे गेली. अकादमी गेली, जमीन मात्र नौदलाकडेच राहिली. मग नेव्हल वॉर कॉलेज तिथे आले आणि ५ मार्च २०२४ रोजी त्याच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. दाबोळीचेही तसेच. कारवारचा नौदल तळ आयएनएस कदंब २००५ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून ‘नौदलाने हंसा (दाबोळीचा हवाई तळ) तिकडे न्यावा’ ही मागणी गोव्यात अधूनमधून उठते. पुढे मोपाचा विमानतळ झाला, तरी हंसा जागेवरच आहे.

जमीन साधारण या क्रमाने फिरते: आधी संरक्षण खात्याच्याच इतर शाखा, त्यानंतर केंद्राची इतर खाती, आणि शेवटी राज्य सरकार. पंचायत या रांगेत कुठेच नाही. तिला काही मिळाले तर राज्याच्या हातून मिळते. म्हणून पहिला प्रश्न ‘तळ बंद होणार का’ असा विचारू नका. तीनपैकी नेमके काय घडते आहे ते विचारा:

– तुकडी बदलते आहे (मग तुमच्यासाठी काही बदलत नाही);
– रस्ता, पूल किंवा जलवाहिनीसाठी जमिनीची एक पट्टी राज्याला दिली जाते आहे;
– जमीन गरजेपेक्षा जास्त ठरवून सोडली जाते आहे.

गोव्यात प्रत्यक्षात बहुतेक वेळा दुसरा प्रकार समोर येतो. आकाराने तो लहान असतो, पण गावाच्या दृष्टीने कधीकधी तोच मोठा ठरतो, कारण त्या पट्टीतच वाड्याची वाट असते.

खात्री होईपर्यंत ग्रामसभेत विषय काढू नका. विषय निघाला की दुसऱ्या दिवशी पेपरात येतो आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या भाटाचे (बागायती जमिनीचे) भाव चढतात. मग चर्चा जमिनीच्या वापराची राहत नाही, दलालीची होते.

२. जमीन मुळात कोणाची होती?

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. पुढचे सगळे इथेच ठरते.

सर्व्हे नंबर काढा आणि त्याचा एक-चौदा (जमिनीच्या हक्कांच्या नोंदीचा उतारा) घ्या. सर्व्हे प्लॅन सोबत हवाच. शहरी भाग असेल तर त्याऐवजी फॉर्म डी लागेल. भोगवटादाराच्या रकान्यात नाव कोणाचे आहे, कुळाच्या आणि इतर हक्कांच्या रकान्यांत काय लिहिले आहे, ते नीट वाचा. आमच्याकडे लोक पहिले नाव बघून कागद खाली ठेवतात, आणि कामाची ओळ नेमकी ‘इतर हक्क’मध्ये असते. ही नोंद मुळात १९७० च्या दशकातल्या सर्वेक्षणाची आहे. त्याआधीचे जाणून घ्यायचे तर पोर्तुगीज काळातले मात्रीझ (जमीन-कराची नोंद), जमीन-नोंदणीचे उतारे आणि पुराभिलेख खात्यातले जुने बोलेतिं ऑफिसियाल (राजपत्र) यांच्याकडे जावे लागते. पोर्तुगीज वाचणारा एखादा जुना वकील किंवा निवृत्त शिक्षक गावात असतोच, त्याला आताच गाठा.

जमीन लष्कराकडे आली त्याच्या चार वाटा असू शकतात, आणि प्रत्येक वाटेचा शेवट वेगळा आहे.

पोर्तुगीज सरकारची जमीन १९६१ नंतर थेट केंद्राकडे आली असेल, तर जुना खासगी मालक असा कोणी नाही. इथे गावाचा दावा मालकीवर टिकत नाही. तो वापरावर आणि गरजेवर उभा करावा लागतो.

कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक जमीन-संस्थेची) जमीन असेल, तर ती संपादन झाली होती, भाडेपट्ट्याने दिली होती, की नुसती ताब्यात घेतली होती, हे कोमुनिदादच्या दप्तरात सापडते. कोमुनिदाद आणि पंचायत या वेगळ्या संस्था आहेत, त्यांचे हितही नेहमी एक नसते. क्लार्काला फोन करून भागणार नाही, व्यवस्थापकीय समितीला रीतसर पत्र द्या.

खासगी जमीन १८९४ च्या कायद्याने संपादन झाली असेल, तर सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. ‘आमच्या आजोबांनी दिली, आता मिलिटरीला नको तर आम्हाला परत’ हे भावनेला पटते, कायद्याला नाही. त्या कायद्याखाली मोबदला देऊन ताबा घेतलेली जमीन सरकारची झाली. मूळ हेतू संपला म्हणून ती मालकाकडे परत जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम १०१ आहे. ताबा घेतल्यापासून पाच वर्षे जमीन न वापरता पडून राहिली, तर ती मूळ मालकाला किंवा राज्याच्या लँड बँकेला द्यायची, अशी ती तरतूद आहे. पण ती नव्या कायद्याने घेतलेल्या जमिनींची. साठ-सत्तरच्या दशकांतल्या संपादनाला ती लावता येत नाही. हे कुटुंबांना लवकर आणि स्पष्ट सांगा. कोणीतरी सांगतोच की ‘केस करून जमीन मिळवून देतो’, आणि आगाऊ पैसे घेऊन जातो.

भाड्याने किंवा अधिग्रहणाने, म्हणजे मालकी न घेता वापरासाठी घेतलेली जमीन असेल, तर ती गरज संपली की मालकाकडे जाते. इथे मात्र वारसांनी आपले कागद, वारसा-दाखला आणि म्युटेशन (फेरफार) तयार ठेवायला हवे.

आता कुंपण. तारेचे कुंपण आणि सर्व्हे प्लॅनवरची हद्द एकच असेल असे समजू नका. कुठे कुंपण आत असते, कुठे बाहेर. आतल्या देवळीला किंवा खुरसाला (क्रूसाला) जायची वाट प्लॅनवर दाखवलेलीच नसते.

जवळ ठेवायची फाइल:

– प्रत्येक सर्व्हे नंबरचा एक-चौदा, सर्व्हे प्लॅन, म्युटेशनचा इतिहास
– संपादनाची राजपत्रातली अधिसूचना आणि निवाडा (असेल तर)
– प्रादेशिक आराखडा २०२१ मधला गावाचा नकाशा. पीडीए (नियोजन व विकास प्राधिकरण) क्षेत्रात असाल तर ओडीपी (त्या प्राधिकरणाचा विकास आराखडा)
– सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) नकाशा (किनारा किंवा खाडी जवळ असेल तर)
– गावाची जैवविविधता नोंदवही
– वाट, झर, स्मशान, देवस्थान यांच्या वापराचे जुने पुरावे: फोटो, जत्रेचे परवाने, ज्येष्ठांची प्रतिज्ञापत्रे

शेवटची ओळ लोक हसण्यावारी नेतात. पण संयुक्त मोजणीच्या दिवशी अधिकारी ‘पुरावा?’ म्हणाला की हाच कागद हातात असतो.

३. माहिती अधिकाराचा अर्ज: विचारायचे काय, टाळायचे काय

लष्करी जमिनीची देखभाल करणारे खाते आहे डिफेन्स इस्टेट्स. छावणीबाहेरच्या जमिनींची नोंद तिथल्या मिलिटरी लँड रजिस्टरमध्ये असते. गोव्यात छावणी परिषद नाही, त्यामुळे आपला संबंध याच नोंदवहीशी येतो. हे प्रकरण देशभर केवढे आहे ते बघा: संरक्षण खात्याच्या जवळपास १८ लाख एकरांपैकी छावण्यांच्या आत आहेत जेमतेम १.६१ लाख एकर. जमिनीला वर्ग असतो. ए-१ म्हणजे लष्कराच्या प्रत्यक्ष वापरातली. बी-४ म्हणजे केंद्राच्या मालकीची, पण ठरावीक वापरात नसलेली. तुमच्या सर्व्हे नंबरचा वर्ग कळला की ‘हलणार’ या अफवेचे वजन कळते.

अर्जात विचारा: क्षेत्रफळ, सर्व्हे नंबर, जमीन कशाने मिळाली, कोणत्या अधिसूचनेने, वर्ग कोणता, राज्य सरकारकडून मागणी आली आहे का, हस्तांतराचा प्रस्ताव विचाराधीन आहे का. फी १० रुपये, उत्तराला ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर पहिले अपील करा, त्यालाही ३० दिवसांची मुदत आहे.

जवान किती, इमारतीत काय आहे, आतला नकाशा द्या, असे विचारू नका. कलम ८(१)(अ) खाली नकार येतो आणि चांगल्या प्रश्नांचीही उत्तरे त्याच नकारात बुडतात. असे काही विचारायचेच असेल तर त्याचा वेगळा अर्ज करणे शहाणपणाचे.

गावातल्या तरुणांना एक ताकीद द्या: ड्रोन उडवू नका. ‘नकाशासाठी वरून एक शॉट’ असा उत्साह कोणाला तरी येतोच. लष्करी ठिकाणांभोवती हवाई क्षेत्र बंद असते, फोटो काढणेही गुन्हा ठरू शकते, आणि असा एक प्रकार झाला की पुढची दोन वर्षे कमांडंट पंचायतीशी बोलत नाही.

४. ग्रामसभेचा ठराव

गोवा पंचायत राज कायद्याखाली नियमित ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये होतात. त्याशिवाय प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्यदिन, गांधी जयंती आणि गोवा मुक्तिदिन यांना जोडून विशेष सभा असतात. विषय आधी लेखी द्या. आयत्या वेळच्या विषयात हा ठराव घेतला तर ‘सूचना नव्हती’ म्हणून कोणीही तो पाडू शकतो.

‘अमुक प्रकल्पाला या सभेचा तीव्र विरोध आहे’ असा ठराव टाळ्या घेतो आणि फाइलमध्ये झोपतो. विरोधाला उत्तर द्यायला कोणतेही खाते बांधील नसते. मागणीला निदान पत्र तरी पाठवावे लागते. म्हणून ठराव असा लिहा:

‘सर्व्हे क्रमांक … मधील संरक्षण खात्याची जमीन सोडली जाण्याचा किंवा हस्तांतरित होण्याचा प्रस्ताव असल्यास, (१) त्याची माहिती राज्य सरकारने पंचायतीला लेखी द्यावी, (२) सोबत जोडलेल्या नकाशातील वाटा, झरी व धार्मिक स्थळे सार्वजनिक वापरासाठी राखावीत, (३) जमिनीचा झोन बदलण्याआधी ग्रामसभेचे मत घ्यावे, (४) संयुक्त मोजणीस पंचायतीचा प्रतिनिधी असावा.’

इतकेच पुरे. पाचवी मागणी म्हणून कोणी रोजगार घाला म्हणेल, घाला, पण आकडा घालू नका.

ठराव सचिवाच्या वहीत जसा बोलला गेला तसाच उतरला आहे का, ते पुढच्या पाक्षिक बैठकीआधी बघा आणि प्रमाणित प्रत घ्या.

अशा ठरावाला दुसरीकडे काय वजन मिळाले, याचे एक उदाहरण मला फार आवडते. १९९२ मध्ये अमेरिकेने फिलिपिन्समधला सुबिक बेचा नौदल तळ सोडला. त्या वर्षी तिथल्या संसदेने तळांच्या रूपांतराचा जो कायदा केला, त्यात सुबिकचे विशेष आर्थिक क्षेत्र ओलोंगापो शहर आणि शेजारच्या गावांच्या स्थानिक परिषदांनी ठरावाने संमती दिल्यावरच होईल, असे लिहिले. महापौर रिचर्ड गॉर्डन यांनी स्वयंसेवक उभे करून रिकाम्या इमारतींची राखण केली आणि लूट होऊ दिली नाही. कायद्यातली ती ओळ आपल्याला मिळालेली नाही, पण राखणीचा भाग आपल्या हातातला आहे. त्याकडे शेवटी येतो.

५. गावाचा आराखडा, झोन बदलण्याआधी

रिकामी जमीन कोणत्या झोनमध्ये आहे, यावर तिथे काय होणार हे अवलंबून असते. प्रादेशिक आराखड्यात संरक्षणाची जमीन साधारणपणे वेगळी दाखवलेली असते. ती सुटली की तिला नवा रंग द्यावा लागतो, आणि सगळी धावपळ त्या रंगासाठी असते. गोव्याला झोनचे राजकारण नवे नाही. प्रादेशिक आराखडा २०११ लोकांनी रस्त्यावर उतरून २००७ मध्ये रद्द करायला लावला. २०२१ च्या मसुद्यावर गावोगाव समित्या बसल्या. त्यानंतर नगरनियोजन कायद्यात एकेक कलम घालून तुकड्या-तुकड्याने झोन बदलायच्या वाटा निघाल्या: २०१८ मध्ये १६ब, २०२३ मध्ये १७(२), २०२४ मध्ये ३९अ. १७(२) खालचे नियम उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. कोणते कलम चालू आहे हे त्या त्या वेळी टीसीपीच्या (नगरनियोजन खात्याच्या) तालुका कार्यालयात विचारा, कारण हे बदलत राहते. ३९अ खाली प्रस्ताव जाहीर झाला की हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. ते दिवस सूचना प्रसिद्ध झाल्यापासून मोजले जातात, तुम्हाला कळल्यापासून नव्हे. राजपत्र दर आठवड्याला वाचायचे काम एका माणसाला नेमून द्या. आमच्याकडे हे एका निवृत्त बँकवाल्याने केले, आणि पंचायत मंडळापेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

आराखडा म्हणजे वास्तुविशारदाचे रंगीत चित्र नव्हे. एका मोठ्या कागदावर सर्व्हे प्लॅन ठेवा आणि त्यावर हाताने काढा: उतार कुठे आहे (डोंगर कापायला कलम १७अ आडवे येते), पावसाचे पाणी कुठून खाली येते, झर कुठे, खाजन (खाडीकाठची बांध घातलेली जमीन) कुठे, गुरांची वाट, जुनी मोठी झाडे. मग गावाला काय कमी पडते ते लिहा. दोन किंवा तीनच वापर सुचवा. मैदान, आरोग्य उपकेंद्र, बाजार, सांडपाणी प्रकल्प, वाचनालय, स्टेडियम आणि क्रीडा संकुल अशी सगळी यादी दिली तर वाचणारा एवढेच समजतो की गावाने काहीच ठरवलेले नाही. त्या दोन-तीन गोष्टी ग्रामपंचायत विकास आराखड्यातही घाला, म्हणजे निधी मागताना आधार राहतो.

जमिनीत काय पुरलेले आहे, तेही विचारा. जुनी फायरिंग रेंज असेल तर न फुटलेला दारूगोळा असू शकतो. इंधनाच्या टाक्या असतील तर तेल झिरपलेले असू शकते. जुन्या बराकींवर अॅस्बेस्टॉसचे पत्रे असतात. कॅलिफोर्नियातला फोर्ट ऑर्ड तळ १९९४ मध्ये बंद झाला. पुढच्याच वर्षी तिथे विद्यापीठ सुरू झाले, पण दारूगोळा काढायचे काम अनेक वर्षे चालले. सफाईचा खर्च कोणाचा, हे हस्तांतराच्या करारात यायला हवे. विहिरींच्या पाण्याची तपासणी आधीच करून घ्या, नंतर तुलना करता येते.

६. कोणाला भेटायचे

सरपंचांच्या सहीचे पत्र, ठरावाची प्रत आणि नकाशा असा संच जिल्हाधिकारी, महसूल खाते, टीसीपी, आमदार आणि खासदार यांना द्या. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या. केंद्राकडे पंचायतीने थेट लिहून फारसे काही होत नाही. तिथे खासदाराचे पत्र किंवा राज्याची मागणी चालते.

तळाच्या कमांडिंग ऑफिसरलाही एक पत्र द्या आणि भेट मागा. ते जमिनीचा निर्णय घेत नाहीत, पण वाट, जत्रा, पाणी यांबद्दल त्यांचे मत वर जाते. बोलणे सभ्य ठेवा. ‘तुम्ही कधी जाणार?’ हा प्रश्न त्यांना विचारू नये, एवढे भान पंचांना असावे.

पैशाचा प्रश्न इथेच निघतो. संरक्षण खाते जमीन फुकट सोडत नाही. बदल्यात तेवढ्याच किमतीची जमीन, रोख रक्कम किंवा तेवढ्या किमतीची बांधकामे करून घेते. म्हणजे राज्याला खर्च येतो, आणि खर्च आला की राज्य तो वसूल करायला बघते. गावाला उद्यान हवे आणि सरकारला लिलाव, हा झगडा तिथून सुरू होतो. तुमच्या नकाशात निदान एक वापर असा असू द्या, ज्यातून थोडे उत्पन्न येईल.

७. जमीन हातात आल्यानंतर

संयुक्त मोजणीला पंच, सचिव आणि एक जुना शेजारी हजर ठेवा. पंचनाम्यावर सही करण्याआधी वाटा उतरल्या आहेत का ते वाचा. म्युटेशन होऊन एक-चौदावर नाव बदलेपर्यंत काम संपले असे समजू नका. केंद्राच्या मालमत्तेवर घटनेच्या कलम २८५ मुळे पंचायतीला कर लावता येत नाही. मालकी बदलली की ती अडचण जाऊ शकते, तेव्हा इमारतींची नोंद करून घरपट्टी आकारायला वेळ लावू नका. शेजारच्या घरांना लागणारी लष्कराची एनओसी मात्र आपोआप जात नाही. निर्बंधाची अधिसूचना मागे घेण्याची मागणी वेगळी करावी लागते.

आणि इमारती सांभाळा. रेईश मागूशच्या किल्ल्यातला तुरुंग १९९३ मध्ये बंद झाला, किल्ला दुरुस्त होऊन लोकांसाठी उघडला २०१२ मध्ये. आग्वादचे कैदी २०१५ मध्ये कोलवाळला गेले, संग्रहालय झाले २०२१ मध्ये. मधल्या काळात कौलारू छपराला आपला पाऊस काय करतो ते सांगायला नको. ताबा मिळाला की पहिल्याच पत्रात तीन गोष्टी मागा: मृगाआधी छपरांची दुरुस्ती, एक राखणदार, आणि आराखडा मंजूर होईपर्यंत एखादा तात्पुरता वापर, मग तो अंगणवाडीचा असो वा भजनी मंडळाचा. दारे-खिडक्यांची, पत्र्यांची आणि मोटारींची यादी ताबा घ्यायच्या दिवशीच फोटोंसह करा आणि त्यावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची, दोघांची सही घ्या.